गेम खेळायला फोनचा हॉटस्पॉट पुरतो, की राउटर घ्यावाच?

विश्रामबागकर:
दिवाळीत चुलत-मावस भावंडं मिळून सातजण आमच्या सांगलीच्या घरी जमलो. पाच लॅपटॉप आणि एक जुना फोन. फोनचा हॉटस्पॉट लावला, मोबाइल डेटा मुद्दाम बंद ठेवला आणि रात्री दोनपर्यंत आळीपाळीनं काउंटर-स्ट्राइक १.६ हा गोळीबाराचा गेम खेळलो. थोरला भाऊ सारखा म्हणत होता, "राउटर आण, नाहीतर सरळ ऑनलाइन खेळा."
मला हे पटत नाही. फोन इथं फक्त निरोप पोचवतो. एका लॅपटॉपवर सर्व्हर (सगळ्यांचा सामायिक खेळ सांभाळणारा प्रोग्राम) चालवायचा, बाकीच्यांनी त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकून आत शिरायचं. सगळं खोलीतल्या खोलीत, त्यामुळं रिचार्ज संपलेलाही खेळतो. तासगावजवळच्या मळ्यात राहणाऱ्या आमच्या भावाकडं रेंज नाही, तो ऑनलाइन कधी येऊच शकत नाही. त्या रात्री सगळ्यांत जास्त त्यानंच मारले. मला हॉटस्पॉट हवा तो यासाठी.

कुपवाडचा वायरमन:
भावा, डेटा लागत नाही हे खरं. पण राउटरलाही इंटरनेट लागत नाही, ते तू सांगितलंच नाहीस.
एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं, हा वायफायचा नियम. तुझी गोळी आधी फोनकडं जाते, मग फोनकडून सर्व्हरकडं, म्हणजे हवेतनं दोन फेऱ्या. गेमला डेटा थोडाच लागतो, स्पीड कमी पडत नाही. अडतं ते वेळेवर पोचण्यात. कुणी एकानं त्याच हॉटस्पॉटवरनं पिक्चर कॉपी करायला घेतला की सगळे जागच्या जागी अडकतात. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर (बँडवर) शेजाऱ्यांचे वायफाय आणि तुमचे ब्लूटूथ हेडफोन, सगळेच दाटीवाटीनं.
सर्व्हरवाला लॅपटॉप राउटरला केबलनं जोडा, त्याची तरी हवेतली फेरी वाचते. साधा राउटर हजारभरात येतो. सातजणांत दीडशे रुपये पण पडत नाहीत.

विश्रामबागकर:
दीडशे रुपये तुम्हाला कमी वाटतात दादा, आठवीतल्या पोराला नाही वाटत. आणि लाइट गेली की राउटर बंद. फोन आणि लॅपटॉप बॅटरीवर चालतात.
बाकी दाटीचं बरोबर आहे. आम्ही फोनमध्ये हॉटस्पॉटचा बँड ५ गिगाहर्ट्झ केला, मग अडकणं पुष्कळ कमी झालं. तो भिंतीपलीकडं नीट पोचत नाही, पण आम्ही एकाच खोलीत होतो.

पोवई नाका:
मी साताऱ्याचा. आम्ही सीपीयू आणि डबडा मॉनिटर स्कूटरवर मांडीत धरून मित्राकडं न्यायचो, स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) आणि केबल लावून एज ऑफ एम्पायर्स २ खेळायचो. त्याची मजा मला कुणी सांगू नये.
तरी मी ऑनलाइनच्या बाजूचा आहे. त्या टोळीतला आज एकही साताऱ्यात नाही. पुणे, बंगळूर, एक तर जर्मनीत. हॉटस्पॉट खोलीबाहेर जात नाही, मग आम्ही भेटायचं कुठं? आणि नव्या गेममध्ये लॅन, म्हणजे इंटरनेटशिवाय आपापसांत जोडून खेळायची सोय, असतेच कुठं? स्टारक्राफ्ट २ आला २०१० साली, तेव्हाच त्यातून लॅन काढून टाकलं होतं. तुमचा हॉटस्पॉट जुन्या गेमपुरताच.

विश्रामबागकर:
जुन्यापुरताच नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत 'ओपन टू लॅन' आजही आहे. पण लांबच्या मित्रांचं तुमचं म्हणणं मान्य, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

मिरजेची आई:
मला यातलं तांत्रिक कळत नाही, पण माझा मुलगा दहावीला आहे म्हणून लिहिते. तो ऑनलाइन खेळतो तेव्हा दार बंद, कानात हेडफोन, पलीकडं कोण आहे ते मला माहीत नाही. भाऊ येतात तेव्हा सगळे हॉलमध्ये बसतात, ओरडतात, मध्येच भडंगाची परात मागतात. कोण चिडलं, कोण रडवेलं झालं, मला स्वयंपाकघरातून ऐकू येतं. मला तरी तेच हवं. फक्त रात्री दोन नाही, बाळा. अकराला बंद.

तालीमवाला:
ताई, तुम्ही पण? हा कुस्तीचा जिल्हा आहे. सातजण जमले तर मैदानात जावं. एकत्र बसून स्क्रीनकडं बघणं हे एकत्र खेळणं नव्हे.

मिरजेची आई:
दिवसा जातात की मैदानात. अंधार पडल्यावर काय करायचं ते सांगा.

कुपवाडचा वायरमन:
विश्रामबागकर, एक राहिलं. नव्या लॅपटॉपला सर्व्हर दिसत नसेल तर हॉटस्पॉटला दोष देऊ नका. सर्व्हरवाल्या विंडोजनं हॉटस्पॉटला 'पब्लिक' नेटवर्क धरलेलं असतं आणि फायरवॉल दार लावून बसते. ते 'प्रायव्हेट' करा.
राउटरचं मात्र मी सोडणार नाही.

विश्रामबागकर:
आमचा एक लॅपटॉप तासभर यातच अडकला होता, धन्यवाद. गणपतीत परत जमणार आहोत, तुमचा राउटर घेऊन या. दोन्हींवर पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) मोजू, आणि लाइट गेली तर काय होतं तेही बघू.