मदत हवी आहे: एकाच वर्षात दोन निवडणुका झाल्या, तर नावं कशी द्यायची?

नमस्कार मंडळी,

पुण्यात गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्यांचा आमचा ऑनलाइन समूह आहे. चर्चेवर लक्ष ठेवणारे नियंत्रक आम्ही सभासदांच्या मतांनी निवडतो. मतदान डिसेंबरात, कारभार जानेवारीपासून. 'नियंत्रक निवडणूक २०२३', '२०२४' अशी नावं देत आलो, कधी अडलं नाही.

गेल्या वर्षी एका ताईंनी घरच्या कारणानं जागा सोडली म्हणून जुलैत पोटनिवडणूक घेतली आणि डिसेंबरात नेहमीची. दोन्हींचं नाव 'नियंत्रक निवडणूक २०२५'. परवा एका नवीन सभासदानं जुलैच्या एका उमेदवाराचं मनोगत वाचून आताच्या नियंत्रकाला जाब विचारला, "रासायनिक खतांवरची चर्चा बंद करणार होतात ना?" ते आश्वासन भलत्याच उमेदवाराचं होतं. आमचे हे नियंत्रक दादा फार दुखावले. म्हणून हा धागा.

इतरांकडे काय करतात ते पाहिलं. इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीची (संपादकांमधले वाद सोडवणाऱ्या) निवडणूक २००६ मध्ये जानेवारीत झाली आणि पुन्हा डिसेंबरात. तिथे नावातच महिना घातलाय. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर नियंत्रक निवडणुकीच्या शीर्षकात वर्ष असतं, पण पानाच्या पत्त्यात नुसता चढता क्रमांक. ही सोय मला आवडली.

नुसता क्रमांक मात्र नको वाटतो. साहित्य संमेलनाचंच बघा. पहिलं १८७८ साली आपल्या पुण्यात भरलं, ९८वं २०२५ मध्ये दिल्लीत. मधली कितीतरी वर्षं रिकामी, त्यामुळे आकड्यावरून साल कळत नाही. महापालिकेची निवडणूकही आपण '२०१७ची' म्हणूनच लक्षात ठेवतो, कितवी ते कोण मोजतं?

दुसरा गुंता वर्षाचाच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेले २०२६चा कारभार बघणार, मग नावात कुठलं साल? सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरात होते आणि नोटिशीवर मागचं आर्थिक वर्ष असतं, तिथेही दरवेळी कुणीतरी चुकतंच. माझं मत मतदानाच्या सालाकडे झुकतं, कारण झालेली तारीख बदलत नाही, मुदत मात्र मध्येच तुटू शकते. आणि तारीख ठरल्याशिवाय नाव देऊच नये. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पण त्या साली निवडणूक झालीच नाही. आधीच '२०२२ची निवडणूक' लिहून ठेवलं असतं तर?

सध्या मनात आहे ते असं: 'नियंत्रक पोटनिवडणूक, जुलै २०२५' आणि 'नियंत्रक निवडणूक, डिसेंबर २०२५'. यात काही खटकतंय का? पोटनिवडणूक हा शब्द एका जागेसाठी फार मोठा वाटतो, असं दोघांचं म्हणणं आहे. मला तो नेमका वाटतो.

जुन्या पानांची नावं बदलावीत की वर फक्त खुलासा टाकावा, हे ठरत नाहीये. त्यांचे दुवे लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले आहेत. कुणी अशी नावं मागाहून बदलली असतील तर जुन्या दुव्यांचं काय झालं, तेवढं जरूर लिहा.