पोरांना पहिल्याच दिवशी स्कीवरून थेट रायफलवर? माफ करा!

उणे_वीस: परवा कॅनडातल्या कॅनमोरच्या ज्युनिअर बायॅथलॉनवर (स्कीवर पळायचं, मधे थांबून रायफलीने नेम धरायचा) इथे एकाने लिहिलंय: ‘नियमांचा बाऊ करून आपण खेळाची लष्करी कवायत केली. दहा वर्षांची पोरं पहिल्या दिवसापासून धापा टाकत गोळ्या झाडू देत, मजा त्यातच आहे.’ धन्य! नाडी १७० वर असताना पोर मॅटवर आडवं झालं की बोट आधी चापावर जातं, डोळा साइटवर (नेम धरायच्या कड्यावर) नंतर. म्हणून आधी स्कीशिवाय, पॉइंट टू-टू म्हणजे छोट्या गोळीची रायफल टेकूवर ठेवून. नळी निशाण्याकडे, मग मॅगझिन (गोळ्यांची पेटी), मग बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा). पाच गोळ्या झाल्या की बोल्ट उघडा, मॅगझिन बाहेर, चेंबर (गोळीची जागा) रिकामं दाखवा, मगच उठा. यात मजा कुठे मेली?

लूपवाला: क्रम मान्य. पण महिनाभर टेकूवर पाडून ठेवलंत तर पोरं हॉकीला पळतील. रायफली बोल्ट उघडून रॅकवर, पोरांची पाठ रिकामी, ३०० मीटरची संथ फेरी. धोका दाखवा की! आणि कॅनमोरची रेंज १९८८ च्या ऑलिंपिकसाठी बांधली म्हणून पोरांनाही १५० मीटरचाच पेनल्टी लूप, म्हणजे चुकलेल्या दर गोळीला एक जादा फेरी? चार चुकल्या की ६०० मीटर. ५० चा करा.

हिमगौरी: लूप राहू दे, डोळ्यांचं कुणी बोलेल का? निम्मी पोरं डावा डोळा घट्ट मिटतात, चेहरा आखडतो आणि उजवाही लुकलुकतो. दोन्ही डोळे उघडे, डाव्यापुढे पट्टी. त्याआधी कुठला डोळा जोरकस ते बघा: हात लांब करून तळव्यांच्या फटीतून लांबचं झाड बघायचं, एकेक डोळा मिटायचा. ज्याने झाड जागचं हलत नाही, तो.

उणे_वीस: डावा निघाला तर डावी रायफल द्यावी. उगाच जुगाड कशाला?

लूपवाला: डाव्या बोल्टच्या ॲन्शुट्झ रायफलीची किंमत बघितलीत? की खर्च तुमच्याकडे?

हिमगौरी: सुरुवातीला पट्टीवर भागतं. खरा घोळ पुढच्या साइटच्या कड्यात आहे. कडं बारीक असलं की पोर काळ्या ठिपक्यामागे धावतं, श्वास कोंडतं आणि चाप हिसकतं. ठिपक्याभोवती पांढरं ठळक दिसेल एवढं मोठं कडं द्या. आणि आडवं झोपूनही उभ्याने झाडायचं ११५ मिलिमीटरचं निशाण ठेवा. आडव्याचं ४५ चं नंतर. पाचपैकी तीन पडली की हॉकी आठवत नाही.

उणे_वीस: हे आधी लिहायचं होतं, बाई. बरं लूपवाले, तुमची रिकाम्या पाठीची फेरी मान्य, पण पोरांनी क्रम न सांगता केल्यावरच. रॅकपाशी एक मोठं माणूस, मॅटमागे दुसरं, आणि दोघांचे फोन खिशात.

लूपवाला: उपकार झाले! आणि लूप?

उणे_वीस: ५० तर ५०. पण खाण्याचा डबा उघडण्याआधी साबणाने हात, गोळ्यांत शिसं असतं.

हिमगौरी: पट्टी टोपीला लावू नका, घामाने सरकते. मागच्या साइटलाच लावा.