रेशमाच्या शेडमध्ये दोन तऱ्हेच्या माश्या: उझी नेमकी कोणती?

तुतीवाली_निपाणी
नमस्कार मंडळी. निपाणीजवळ आमची तुती आहे, आधी त्याच रानात तंबाखू असायचा. पावसाची झड लागली तशी शेडच्या जाळीला खालच्या कोपऱ्यात उंदरानं भोक पाडलं आणि माश्या आत शिरल्या. पाचव्या, म्हणजे कोष करायच्या आधीच्या अवस्थेतल्या रेशीमकिड्यांच्या अंगावर काळे डाग दिसायला लागले. डागाशेजारी कुठंकुठं तिळाहून बारीक, दुधी रंगाचं अंडं चिकटलेलं. नखानं सहज सुटत नाही, ओढलं तर किड्याची कातडी वर येते.

डागवाले किडे मी बरणीत ठेवले, खाली चाळलेली माती, तोंडाला मलमल. त्यांतून पिवळट अळ्या निघाल्या, मातीत गेल्या, तांबूस तपकिरी टणक पुपे (अळीचे कोश) झाले आणि माश्या बाहेर आल्या. इकडं रोगानं मेलेले किडे बाहेर बुट्टीत टाकले होते, त्यांच्यावरही करड्या, पट्ट्यापट्ट्यांच्या माश्या. त्यांच्या अळ्या दुसऱ्या बरणीत वाढवल्या. आमचे मालक म्हणतात, माशी ती माशी, मार आणि सोड. एका माहीतगाराला फोटो पाठवला तर म्हणाला, "दोन्ही उझीच, औषध मारा." उझी म्हणजे रेशीमकिड्याच्या अंगात वाढणारी माशी. फोटोत काय दिसणार, डोंबल!

दोन्ही खरंच एक आहेत का? ओळखायचं कशावरून? आणि आणखी एक. एका कन्नड पत्रकात उझीचं नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, दुसरीकडं एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स. बरणीवर चिठ्ठी लावायची तर लिहू काय?

सदलगा_रेशीम
अक्का, पाठीवर चार काळे पट्टे असले की उझी. मोजा आणि विषय संपवा. मेलेले किडे बुट्टीत ठेवू नका मात्र, चुन्याबरोबर खड्ड्यात पुरा.

टिळकवाडीचा_भिंगवाला
पट्टे मोजा, पण तेवढ्यावर विषय संपत नाही. घरातल्या साध्या माशीच्या पाठीवरही चारच पट्टे असतात. मेलेल्यावर येणारी तुमची दुसरी माशी मांसमाशी असावी, सार्कोफॅजिडी कुळातली. तिच्या करड्या पाठीवर ठळक पट्टे तीन, आणि पोटावर पट्ट्यांऐवजी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, उजेड फिरवला की काळ्याचे पांढरे होणारे.

उझी टॅकिनिडी कुळातली. या कुळात साडेआठ हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत आणि बहुतेक सगळ्या दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढतात, म्हणून नुसती "टॅकिनिड आहे" म्हणून भागत नाही. पण तिथवर पोचायला दहापट भिंग पुरतं. माशी बाजूनं धरा. पाठीच्या टोकाला त्रिकोणी भाग दिसेल, तो स्कुटेलम. त्याच्या खाली, पोटाच्या सांध्याकडं, आणखी एक ठसठशीत फुगवटा आहे का बघा. तो सबस्कुटेलम. टॅकिनिडमध्ये तो नीट उठून दिसतो, मांसमाशीत आणि घरमाशीत नाही. मग समोरून बघा: मिशीवर एक लांब केस असतो. उझीत तो उघडाबोडका, मांसमाशीत बुडाकडच्या अर्ध्या भागात पिसासारखा झुपकेदार आणि टोकाला साधा. माशी नसली तरी रिकामा पुपा सांगतो. मागच्या टोकाला श्वासाची दोन काळी छिद्रं असतात. मांसमाशीत ती खोल खड्ड्यात दडलेली, उझीत उघड्यावर.

तुमच्या बरणीतली सगळ्यात मोठी साक्ष मात्र तो काळा डाग. उझी जिवंत किड्याच्या कातडीवर अंडं चिकटवते. अळी फुटून आत घुसते, पण मागचं टोक त्या भोकाशी ठेवून हवा घेत राहते. भोकाभोवती किड्याची कातडी काळवंडते. जपानात उझी म्हणतात ती वेगळ्या वंशाची, ब्लेफारिपा. ती तुतीच्या पानावर अगदी बारीक अंडी घालते आणि किडा ती पानाबरोबर गिळतो, तिथं असं कातडीवर अंडं सापडणार नाही. मांसमाशी तर अंडीच घालत नाही, सरळ जिवंत अळ्या टाकते, सडक्या जिनसावर. तेव्हा दुसऱ्या बरणीसाठी शेडमध्ये औषध मारलंत तर पैसे पाण्यात.

नावाचं म्हणाल तर सॉर्बिलन्स हे वीडेमाननं 1830 मध्ये दिलेलं. बॉम्बिसिस नंतरचं, लुईनं दिलेलं. कर्नाटकात ही माशी 1980 मध्ये पश्चिम बंगालमधून आलेल्या बीजकोषांबरोबर (अंडी मिळवायला ठेवलेले रेशीमकोष) शिरली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या लिखाणात त्याच माशीला दोन्ही नावं लागत आली. अजून जुन्यात ट्रायकोलायगा बॉम्बिसिस. हल्ली रेशीमवाले बॉम्बिसिसच लिहितात. शेवटचा निवाडा नराच्या पोटाच्या टोकातले जननभाग बघून होतो, ते भिंगाचं काम नव्हे. चिठ्ठीवर आज 'एक्झोरिस्टा, रेशीमकिड्यातून' एवढंच लिहा, गाव आणि तारीख घाला.

तुतीवाली_निपाणी
सर, मुलाच्या कॉलेजचं भिंग आणून रात्री बघत बसले. पहिल्या बरणीतलीला फुगवटा आहे, चांगला दिसतो. मिशीचा केस गुळगुळीत. दुसरीचा केस झुपक्याचा आणि पट्टे तीनच! मालकांनाही दाखवलं, काही बोलले नाहीत.

आता नवीन भानगड. पहिल्या बरणीतल्या दोन-तीन पुप्यांतून माशी आलीच नाही. त्यांना टाचणीनं टोचल्यासारखं एक भोक पडलंय आणि मलमलीवर मुंगीहून लहान, पंखांचे किडे भरपूर फिरतायत. हे पण मारू?

सदलगा_रेशीम
नका मारू अक्का! गेल्या वेळी आमच्याकडं पिशवीतनं सोडलेले तेच असणार.

टिळकवाडीचा_भिंगवाला
बहुधा नेसोलिंक्स थायमस, एक चिमुकली गांधीलमाशी. उझीच्या बंदोबस्तासाठी सरकारी रेशीम खातं हीच वाढवून देतं, ती पुप्यात अंडी घालते. मात्र तिच्यावरून माशी ओळखू नका, कारण तिला घरमाशीचा पुपाही चालतो, प्रयोगशाळेत तिला त्यावरच वाढवतात. शेडच्या भिंतीच्या फटी आणि जमीन झाडून जे पुपे मिळतील ते जाळू नका. बारीक जाळीच्या डब्यात ठेवा: गांधीलमाश्या जाळीतून निघून जातील, माश्या आतच अडकतील.

नाव पक्कं करायचं असेल तर बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत नमुना तपासून घेता येतो. नुकती निघालेली माशी लगेच मारू नका, ती मऊ आणि फिकट असते, कपाळ फुगलेलं असतं. दिवसभर तशीच राहू द्या, मग शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात घालून मारा. स्पिरिटमध्ये बुडवू नका, अंगावरची करडी भुकटी जाते आणि पट्टेच दिसेनासे होतात. टाचणी पाठीच्या मध्यावर नको, उजवीकडं टोचा, म्हणजे डाव्या बाजूचे केस शाबूत राहतात. नर-मादी दोन्ही द्या, आणि ज्या पुप्यातून माशी निघाली तो त्याच टाचणीला खाली चिकटवा.

तुतीवाली_निपाणी
भोक बुजवलं, जाळी दुहेरी केली. सर, बाजाराच्या दिवशी बेळगावला येणं आहे. टाचणीवरच्या घेऊन येऊ की जिवंत बरणीच आणू?

टिळकवाडीचा_भिंगवाला
दोन्ही आणा. बरणीची मलमल दोऱ्यानं दुहेरी बांधा, एसटीत सुटल्या तर कंडक्टर उतरवून ठेवील.