मदत हवी आहे: ‘बीव्ही १४१’ हे एकांगी विमान इंजिन मंदावल्यावर तोल कसा सांभाळत असे?

नमस्कार.

जर्मनीच्या ब्लोम अँड फॉस कंपनीच्या ‘बीव्ही १४१’ या टेहळणी विमानाची १:१६ प्रमाणातली, रिमोटवर उडणारी प्रतिकृती मी डेप्रॉन (फोमचा हलका पत्रा) आणि बाल्सा (अगदी हलके लाकूड) वापरून तयार केली आहे. मूळ ‘बी’ आवृत्तीच्या पंखांचा विस्तार सुमारे साडेसतरा मीटर होता, माझ्या प्रतिकृतीचा १०९ सेंटिमीटर आहे. बांधणी पूर्ण झाली, पण तोलाचे गणित काही केल्या सुटत नाही.

हे विमान पाहण्यात नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १९३७ साली जर्मन हवाई मंत्रालयाने एका इंजिनाचे, तिघांना बसता येईल असे आणि चहूकडचे नीट दिसेल असे विमान मागवले होते. एकच इंजिन म्हटले की ते नाकावर येणार आणि समोरचे दृश्य अडवणार, ही अडचण मुख्य अभियंता रिचर्ड फोग्ट यांनी फार धीट उपायाने सोडवली. इंजिन, प्रोपेलर आणि शेपूट एका लांब नळकांड्यावर डावीकडे, तर वैमानिकासह तिघे जण पंखाच्या उजव्या बाजूला, काचेच्या स्वतंत्र कक्षात! फेब्रुवारी १९३८ मध्ये ते उडाले, आणि दिसायला विचित्र असले तरी उडायला तसे नव्हते. ‘बी’ आवृत्तीत तर मागच्या तोफचीच्या माऱ्याआड येऊ नये म्हणून आडव्या शेपटीचा उजवा भागही जवळपास काढून टाकला. निवड शेवटी दोन इंजिनांच्या फोके-वुल्फ १८९ ची झाली, पण तो वेगळा विषय आहे.

माझी शंका अशी. प्रोपेलर वैमानिकाच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट्या पिळामुळे (टॉर्कमुळे) विमान डावीकडे कलू पाहते आणि उजवीकडच्या कक्षाचे वजन ते कलणे रोखते, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते प्रमाण मानून मी बॅटरी उजव्या कक्षात ठेवली. मोटर जोरात असेपर्यंत प्रतिकृती सरळ गेली, पण थ्रॉटल (मोटरचा जोर कमी-जास्त करणारी कळ) मागे ओढताच उजवा पंख असा खाली गेला की गवतात उतरताना त्याचे टोक मोडले. मग पंखाच्या मध्यावर दोन्हीकडून बोट टेकवले असता प्रतिकृती समतोल राहील अशा बेताने डावीकडे पाच रुपयांची दोन नाणी चिकटवली. आता ती मोटर बंद असताना सुरेख तरंगते, मात्र पूर्ण जोरात किंचित डावीकडे कलते. थोडक्यात, वजनाने टॉर्क तोलायचा म्हटले तर तो इंजिनाच्या एकाच वेगाला तोलला जाणार. खरे विमान तर इंजिन मंद करूनच उतरत असणार.

त्यामुळे मला वाटू लागले आहे की खरी करामत वजनात नसून प्रोपेलरच्या ओढीच्या रेषेत असावी. इंजिन गुरुत्वमध्याच्या डावीकडे असल्याने त्याची ओढ नाक उजवीकडे वळवते, तर प्रोपेलरचा गोल फिरत जाणारा झोत उभ्या शेपटीवर आपटून आणि चढत्या नाकाच्या वेळी प्रोपेलरच्या दोन बाजूंची असमान ओढ मिळून तेच नाक डावीकडे वळवतात. हे दोन्ही परिणाम थ्रॉटलबरोबर वाढतात आणि थ्रॉटलबरोबरच ओसरतात, म्हणून वैमानिकाला रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या शेपटीच्या पट्टीच्या पॅडलवर) सतत पाय दाबून ठेवावा लागत नसेल. हा तर्क बरोबर आहे का, हे वायुगतिकी जाणणाऱ्यांनी कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न अर्धवट शेपटीचा. उरलेला डावा भाग थेट प्रोपेलरच्या झोतात येतो आणि तो खालच्या दिशेने दाब देत असेल तर विमानाला डावीकडेच कलवणार, म्हणजे टॉर्कच्याच बाजूने. माझ्या प्रतिकृतीचे उरलेले डावे कलणे त्यामुळे असू शकेल का?

नेहमीच्या एका मोटरच्या प्रतिकृतीत आपण मोटर दोन अंश उजवीकडे वळवून बसवतो, तशी मी येथेही बसवली आहे. ओढीची रेषा मुळातच डावीकडे असताना हे दोन अंश ठेवावेत की मोटर सरळ करावी? अशी एकांगी प्रतिकृती कोणी उडवली असल्यास त्यांनी मोटरचा कोन आणि एलेरॉनचे (पंखांच्या मागच्या कडेवरील, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांचे) ट्रिम, म्हणजे कायमचे ठेवलेले थोडेसे वळण, किती ठेवले होते ते अवश्य लिहावे, कारण मोडलेले टोक चिकटवून झाले आहे आणि पुढच्या उड्डाणापूर्वी मोटरचे स्क्रू सैल करायचे की नाहीत एवढेच ठरायचे आहे.