मदत हवी आहे: वजनाच्या सर्जरीनंतर ताई फार खचलीये

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या बहिणीची दिवाळीनंतर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली (जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात ती). फायदा झालाय, नाही म्हणत नाही. साखर आटोक्यात आली, इन्सुलिन सुटलं, जिना न थांबता चढते.

पण मन थाऱ्यावर नाही. पूर्वी टेन्शन आलं की फरसाणाचा डबा घेऊन बसायची. आता अर्धी वाटी वरणभात खाऊन ताट सरकवते आणि गप्प होते, कधी रडते. वर नातेवाईक आहेतच, "बारीक झालीस की, आता काय?"

कॅनडातल्या ऑन्टारिओच्या एका अभ्यासात सर्जरीनंतर स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. मुळात ते कमीच होतं, तरी धास्ती बसलीये. फॉलोअपला वजन आणि बी-१२ सोडून कुणी काही विचारत नाही.

तिची डिप्रेशनची गोळी आधीपासून चालू आहे. सर्जरीनंतर गोळ्यांचं शोषण बदलू शकतं, तर तुमच्यापैकी कुणाच्या सायकियाट्रिस्टनी गोळी किंवा डोस बदलला का? पुण्यात अशा पेशंटसोबत काम करणारे समुपदेशक माहीत आहेत का? डाएटचे सल्ले नकोत, प्लीज.