एमएसएक्सवरचा ग्रेडियस फॅमिकॉमपेक्षा भारी आहे, झटके देणाऱ्या स्क्रोलसकट. या भांडायला

तिरका_पायलट
सरळ मुद्द्यावर येतो. कोनामी कंपनीचा ग्रेडियस, म्हणजे अंतराळयान उडवत गोळ्या झाडायचा गेम, १९८६ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर पण आला आणि एमएसएक्स या घरगुती कॉम्प्युटरवर पण (युरोपात नेमेसिस म्हणून), आणि आजवर जो तो फॅमिकॉमचीच आरती ओवाळतोय, कारण काय तर तिथे पडदा सलग सरकतो आणि एमएसएक्सवर झटक्याझटक्याने. अरे पण बाकीचं बघा की! फॅमिकॉमचं कार्ट्रिज ६४ केबीचं, एमएसएक्सचं १२८ केबीचं, आणि ती जागा उगाच नाही भरलेली, मूळ आर्केडला (नाणं टाकून खेळायच्या मशीनला) नसलेली हाडांची एक अख्खी स्टेज घातलीये. दुसऱ्या स्लॉटमध्ये कोनामीच्याच ट्विनबी गेमचं कार्ट्रिज खोचलं तर आपलं नेहमीचं जहाज विक व्हायपर जाऊन ट्विनबीचं जहाज येतं, असला आगाऊपणा फॅमिकॉमवर होता का? झटके आहेत, मान्य, पण मला ते खटकत नाहीत, उलट खेळाला एक ठेका येतो.

गच्चीवरचा_गेमर
ठेका?? राव, खड्ड्यातून जाणारी एसटी पण ठेक्यातच हलते, म्हणून तिला लेझीम म्हणायचं का 😂
शूटिंग गेममध्ये डोळ्याला अंदाज हवा असतो, भिंत आता इथे आहे, गोळी तिथे आहे, मी मधून निघतो. एमएसएक्सवर जहाज आणि गोळ्या नीट सरकतात आणि जमीन मात्र थांबते, थांबते आणि मग एकदम आठ ठिपके अंगावर येते. दोन वेगळे गेम एकमेकांवर चिकटवल्यासारखं वाटतं. ६४ केबी असो नाहीतर १२८, मरतो मी त्या भिंतीला धडकूनच ना.

झेड८०_आजोबा
पोरांनो, आधी असं का होतं ते समजून घ्या, मग भांडा. एमएसएक्समध्ये टीएमएस९९१८ची व्हिडिओ चिप, तिला हार्डवेअर स्क्रोल नाहीच. पडदा म्हणजे ३२ बाय २४ चौकोन, एकेक चौकोन ८ बाय ८ ठिपक्यांचा. मागचं चित्र सरकवायचं तर सगळे ७६८ चौकोन एक घर डावीकडे नव्याने लिहायचे, म्हणून झटका बरोबर ८ ठिपक्यांचा. कोणी म्हणेल की मग प्रत्येक चौकोनाच्या एकेक ठिपका सरकलेल्या आठ आवृत्त्या करून ठेवा, पण पडद्याच्या एका तृतीयांश भागाला नमुने २५६च मिळतात, आणि चौकोनातल्या एका ओळीत रंग दोनच चालतात, त्यामुळे डोंगराची कड सरकवली की शेजारच्या रंगात घुसते. तेव्हा रंगीत डोंगर पाहिजे की सलग स्क्रोल पाहिजे, असा तो सौदा होता, आणि कोनामीने डोंगर घेतला. माझ्या मते योग्य केलं.

गच्चीवरचा_गेमर
आजोबा, माहितीबद्दल धन्यवाद, पण ही चिपची अडचण झाली, माझी नाही. हॉटेलात भात कच्चा आला तर गॅस कमी होता हे ऐकून मी पोट भरल्याचं समजायचं का? आणि स्प्राइटचं, म्हणजे पडद्यावर सुट्या हलणाऱ्या चित्रांचं काय? पहिल्या स्टेजच्या शेवटी ज्वालामुखी येतो, स्क्रोल थांबतो, दगडांचा पाऊस पडतो, आणि निम्मे दगड लुकलुकतात. जो दगड दिसत नाही तोच डोक्यात बसतो.

झेड८०_आजोबा
लुकलुकतात कारण एका आडव्या ओळीत चारच स्प्राइट दिसतात, पाचवा गायब. त्यात प्रत्येक स्प्राइटला एकच रंग, दोन रंग हवेत तर दोन स्प्राइट एकावर एक ठेवायचे. मग आळीपाळीने दाखवण्याशिवाय इलाज नसतो. फॅमिकॉमला ओळीत आठ, आणि प्रत्येकी तीन रंग. तरी सलग स्क्रोल असूनही ऑप्शन (जहाजामागे फिरत सोबत गोळ्या झाडणारे गोळे) तिथे पण दोनच मिळतात, आर्केडसारखे चार नाहीत, हे फॅमिकॉमवाले सोयीस्कर विसरतात.

वरवर_खालीखाली
मी फॅमिकॉमच्या बाजूने, कारण एकच. आपल्या पिढीने टीव्ही गेमवर कॉन्ट्रा खेळताना जो कोड मारला ना, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, तो मुळात फॅमिकॉमच्या ग्रेडियसमधला. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाला स्वतःच बनवलेला गेम तपासायला जड जात होता म्हणून त्याने तो घातला. २०२० मध्ये गेले ते. एमएसएक्सने आपल्याला काय दिलं सांगा?

तिरका_पायलट
एमएसएक्सला कीबोर्ड होता भाऊ, तिथे शब्द टाइप करायचे. पुढच्या भागात, नेमेसिस २ मध्ये, गेम थांबवून जहाजाचं नाव मेटॅलियन टाइप करा, हत्यारं हजर. आणि १९८७ चा हा नेमेसिस २ फॅमिकॉमवर नाहीच, निव्वळ एमएसएक्ससाठी बनवलेला. कार्ट्रिजमध्येच एससीसी नावाची आवाजाची चिप, म्हणजे कॉम्प्युटरचे तीन चॅनेल अधिक हिचे पाच. हेडफोन लावून पहिल्या स्टेजचं संगीत ऐका, मग बोलू. त्याच वर्षीच्या कोनामीच्याच सॅलमँडर गेमचा खरा शेवट बघायला तर दुसऱ्या स्लॉटमध्ये नेमेसिस २ लावावा लागतो.

निशीकासाईकर
खरा शेवट बघायला आधीचं कार्ट्रिज विकत घ्या, याला लोक आगाऊपणा म्हणून टाळ्या वाजवतायत 🙏 ही चक्क विक्रीची युक्ती झाली. आणि आता टोकियोच्या अकिहाबारा बाजारात काचेमागे दोन्हींच्या किमती बघितल्या की मी गप्प पुढच्या दुकानात जातो.
मूळ मुद्द्यावर, तुम्ही बहुतेक सगळे एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आणि लॅपटॉपच्या पडद्यावर खेळून बोलताय. जुन्या काचेच्या टीव्हीवर तोच झटका मला निम्मा वाटला.

गच्चीवरचा_गेमर
झटका टीव्ही बदलून कमी होत असेल तर तो ठेका नव्हता, दोषच होता. धन्यवाद, माझं काम तुम्हीच केलंत.

खाली_वर_ताई
आडव्याच गेमवर का अडकलात सगळे? कंपाइल कंपनीचा झॅनॅक पण १९८६चाच, उभा, झटके तिथेही आहेत, पण तुम्ही जास्त गोळ्या झाडल्या की गेम स्वतःहून अवघड होत जातो, त्या गडबडीत स्क्रोलकडे बघायला फुरसत कोणाला. आणि पुढच्या पिढीच्या एमएसएक्स२ ला उभा स्क्रोल चिपमध्येच मिळाला, मग १९८८चा आलेस्ते बघा कसा सुळकन सरकतो. आडवा स्क्रोल मात्र त्या चिपलाही नव्हता, तरी १९८९च्या स्पेस मॅनबोमध्ये कोनामीने तो करून दाखवला.

झेड८०_आजोबा
ताई अगदी बरोबर. टीव्हीवर चित्र मधोमध बसवायला चिपमध्ये जे रजिस्टर (आकडा लिहायचा कप्पा) दिलं होतं, त्यालाच धरून पूर्ण चित्र एकेक ठिपका ढकलायचं, आठ झाले की मागे आणून चौकोन एक घर सरकवायचे. डोकं लागतं याला.

गच्चीवरचा_गेमर
म्हणजे संधी मिळाल्याबरोबर कोनामीनेच झटके काढून टाकले. एवढाच ठेका आवडत होता तर ठेवायचा होता की. आणि ज्याला आर्केडच घरी पाहिजे होतं त्याच्यासाठी १९८७ मध्ये शार्पचा एक्स६८००० कॉम्प्युटर आला, ग्रेडियस त्याच्यासोबतच.

तिरका_पायलट
हो, ३,६९,००० येनला 😄 घर गहाण टाकून खेळायचं का?
आणि स्पेस मॅनबो मस्त गेम आहे, पण त्याच्या स्टेज सलग स्क्रोल धरूनच आखल्यात. ग्रेडियसच्या एमएसएक्समधल्या फटी आठ-आठच्या हिशोबाने बसवल्यात, जमीन घरात येऊन थांबली की तुम्हाला नक्की कळतं कुठे शिरायचं. हौशी लोकांनी जुन्या कोनामी गेमना सलग स्क्रोलचे पॅच, म्हणजे गेमचा कोड बदलणारे तुकडे, केलेत, मी लावून बघितला, छान दिसतं, पण दोन दिवसात काढून टाकला.

गच्चीवरचा_गेमर
मी तो पॅच लावूनच पहिल्यांदा मोआईंच्या (दगडी डोक्यांच्या) स्टेजच्या पुढे गेलो. ठेवलाय अजून, काढणार पण नाही.

वरवर_खालीखाली
पॅच लावून जिंकणारे माझ्या कोडला नावं ठेवतायत का मगाशी?

गच्चीवरचा_गेमर
तुझ्या कोडला मी कधी नावं ठेवली? ती पायलटसाहेबांनी ठेवली, त्यांना विचार.