शब्दचर्चा : ‘अलर्ट’, ‘वॉर्निंग’ आणि ‘नोटिफिकेशन’

प्रश्न (अनुवादक, सोलापूर) :
नेटवर्कवरील रहदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका मी येथील एका सहकारी बँकेसाठी लिहीत आहे. शाखेच्या लाइनचा वापर ८० टक्क्यांवर गेला की ‘वॉर्निंग’, ९० टक्क्यांवर गेला की ‘क्रिटिकल’, तेव्हा उठतो तो ‘अलर्ट’ आणि तो मोबाइलवर पोहोचतो ते ‘नोटिफिकेशन’. माझ्या मसुद्यात ‘इशारा पातळी ओलांडल्यास इशारा द्यावा व इशाऱ्याची सूचना पाठवावी’ असे वाक्य झाले आहे. यातून वाट कशी काढावी?

पाटबंधारे खात्यातील निवृत्त कर्मचारी :
‘वॉर्निंग’ आणि ‘क्रिटिकल’ यांसाठी शब्दांची जोडी आपल्याकडे तयारच आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात, आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून हेच शब्द लोक वाचतात. ‘गंभीर पातळी’ असा नवा शब्द घडवण्याची गरज नाही.

मराठीच्या शिक्षिका :
पातळ्यांबद्दल सहमत आहे. मात्र ‘अलर्ट’ तसाच ठेवू नये. ‘सावधसूचना’ हा शब्द स्वच्छ आहे.

नेटवर्क अभियंता :
बाई, ‘इशारा’ अरबीतून फारसीमार्गे आला, तो आपल्याला चालतो. ‘अलर्ट’ इटालियनमधून फ्रेंच आणि इंग्रजीमार्गे आला, तो मात्र चालत नाही, हे कसे? रात्रपाळीचा मुलगा ‘अलर्ट आला’ असेच म्हणतो, आणि पुस्तिका त्याच्यासाठीच आहे. शिवाय खरा घोळ नियम लिहिण्यात होतो. वापराच्या पाच मिनिटांच्या सरासरीत दहा सेकंदांची उसळी दिसतही नाही. उलट, रात्रीचा बॅकअप सुरू झाला की लाइन भरते आणि काहीही बिघडलेले नसताना अलर्ट येतो. म्हणून ‘सलग तीन रीडिंग ८० टक्क्यांच्या वर असल्यास उठवावा, ७० टक्क्यांच्या खाली आल्यावरच बंद करावा’ असे लिहावे, अन्यथा ७९ आणि ८१ यांच्यामध्ये वापर हेलकावत राहिला की रात्रभर मोबाइल वाजत राहतो.

एक सोलापूरकर :
गिरण्यांच्या या गावात ‘भोंगा’ हा शब्द कोणालाच कसा आठवला नाही? ‘भोंगा झाला’ म्हटले की काय करायचे ते साऱ्या चाळीला कळत असे.

पाटबंधारे खात्यातील निवृत्त कर्मचारी :
शब्द रसरशीत आहे, पण गिरणीचा भोंगा ठरलेल्या वेळी होत असे आणि अलर्ट अवेळी येतो. भोंगा झाला नाही तरच लोक दचकले असते.

मराठीच्या शिक्षिका :
‘इशारा’ मराठीत शतकानुशतके मुरला आहे, ‘अलर्ट’ अजून पाहुणा आहे. फरक तेवढाच, पण मला तो पुरेसा वाटतो.

नेटवर्क अभियंता :
हवामान खात्याच्या ‘यलो अलर्ट’च्या बातम्या वाचणाऱ्यांना तो पाहुणा वाटत असेल, असे मला वाटत नाही.

अनुवादक :
पातळ्यांचे दोन्ही शब्द घेतले. आता आणखी एक अडचण आहे : वापर उतरल्यावर सॉफ्टवेअर आपणहून ‘क्लिअर’ दाखवते, तेथे ‘इशारा मागे घेतला’ असे लिहावे, तर तो कोणी अधिकाऱ्याने मागे घेतल्यासारखा वाटतो.